नवीन प्राचार्य, डीन, कुलसचिव झालात? मग बजेट, ग्रँट आणि माणसं यांचं हे आधी वाचा

आपल्याकडे चांगलं शिकवणारा, पेपर लिहिणारा माणूस एक दिवस प्राचार्य नाहीतर डीन होतो आणि पैशाचं त्याला तोपर्यंत कुणी काही सांगितलेलंच नसतं. मी विद्यापीठाच्या वित्त विभागात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठं आणि अनुदानित कॉलेजं यांच्या हिशोबाने आहे, खाजगी विद्यापीठांचं गणित वेगळं, तिथे हे सगळं जसंच्या तसं लावू नका.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. नवीन माणूस अकाउंटंटला पहिला प्रश्न विचारतो, बँकेत किती आहेत? हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, हे पैसे कुणाचे. दुसरा, कशासाठी आणि कधीपर्यंत. खात्यात दोन कोटी दिसतात म्हणून रंगकाम काढायचं आणि नंतर कळायचं की त्यातले दीड कोटी स्कॉलरशिपचे, प्रोजेक्टचे आणि परीक्षेचे आहेत, हे होतं. चोरी कोणीच केलेली नसते तरी ऑडिटच्या भाषेत ते निधी वळवणं ठरतं आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

चार्ज घेताना

चार्ज रिपोर्टवर सही करायच्या आधी लेखी याद्या मागा, तोंडी नको. संस्थेच्या नावावर एकूण बँक खाती किती आणि कुठल्या शाखेत (जुन्या सेमिनारसाठी उघडलेलं, कुणालाच आठवत नसलेलं एखादं निघतंच), एफडी किती आणि कधी मॅच्युअर होतात, कुठल्या ग्रँटचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले याचा दाखला) राहिलंय, कुणाच्या नावावर ॲडव्हान्स थकलाय, ऑडिटचे किती पॅरे (ऑडिटरचे आक्षेप) उघडे आहेत, कोर्टात केसेस किती, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचं रोस्टर) शेवटची कधी तपासली. यातली एखादी यादी ‘सर दोन दिवसांत देतो’ म्हणून लांबली तर समजून घ्या की मामला तिथेच आहे.

आणि लॉगिन! हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. जेमचा (सरकारी खरेदी पोर्टल) प्रायमरी युजर, पीएफएमएसवर (केंद्राच्या पैशाचं पोर्टल) एक बिल भरणारा आणि एक मंजूर करणारा, एचटीई सेवार्थचा (पगारबिलाची राज्याची प्रणाली) डीडीओ, म्हणजे पैसे काढून वाटणारा अधिकारी, डिजिटल सिग्नेचर, हे सगळं आधीच्या साहेबांच्या आधारला आणि मोबाईलला जोडलेलं असतं. ते रिटायर होऊन मुलाकडे बंगलोरला गेले की ओटीपी तिकडे आणि पगारबिल इकडे. चार्जच्या आठवड्यातच हे बदलायला टाका, बँकेतल्या सहीच्या नमुन्यासकट.

बजेट

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे, त्याची एक प्रत टेबलावर ठेवा, कपाटात नको. विद्यापीठात बजेटचा रस्ता असा, की विभागांकडून मागण्या येतात, वित्त व लेखा अधिकारी त्याची मोट बांधतो, मग वित्त व लेखा समिती, मग व्यवस्थापन परिषद आणि शेवटी अधिसभा, जी साधारण मार्चमध्ये भरते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘विद्यापीठाचा इतक्या कोटींचा तुटीचा अर्थसंकल्प’ अशी बातमी येते. कॉलेजात हेच काम महाविद्यालय विकास समितीचं, कलम ९७, वर्षातून किमान चार बैठका आणि प्राचार्य तिचा सदस्य-सचिव. म्हणजे बैठक लावणं, अजेंडा काढणं, इतिवृत्त लिहिणं हे तुमच्याच गळ्यात. बऱ्याच ठिकाणी या चार बैठका मार्चमध्ये एका दमात रजिस्टरवर उतरवल्या जातात, तसं करू नका, कारण खर्च जुलैतला आणि मंजुरी मार्चमधली असली की तारखाच बोलतात.

मागण्या मागवताना विभागप्रमुखांना मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के वाढवून पाठवा असं सांगू नका. ते तसंही तेच करणार असतात. त्यांच्याकडून तीन आकडे घ्या, मागच्या वर्षी मिळाले किती, डिसेंबरअखेर खरंच खर्च झाले किती, आणि पुढच्या वर्षी नक्की काय घ्यायचंय. मधला आकडा सगळ्यात खरं बोलतो. दरवर्षी पाच लाख मागून दीड लाख खर्च करणारे विभाग प्रत्येक संस्थेत असतात, आणि शेजारचा विभाग केमिकलसाठी हात पसरत असतो.

जमेच्या बाजूला जास्त सावध राहा. खर्च तर होणारच असतो, जमा मात्र कागदावर फुगवता येते. विद्यापीठाचा स्वतःचा पैसा मुख्यतः परीक्षा शुल्क आणि संलग्नीकरण (कॉलेजं विद्यापीठाला जोडून घेण्याचं शुल्क) यातून येतो, आणि कॉलेजं स्वायत्त व्हायला लागली, म्हणजे परीक्षा स्वतः घ्यायला लागली, किंवा समूह विद्यापीठात, म्हणजे काही कॉलेजं मिळून झालेल्या वेगळ्या विद्यापीठात, गेली (मुंबईत एचएसएनसी, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ ही उदाहरणं समोर आहेत) की हा झरा आटतो. परीक्षा विभागाचा कर्मचारी मात्र तेवढाच राहतो. म्हणून पुढच्या तीन वर्षांत कुठली कॉलेजं स्वायत्ततेच्या रांगेत आहेत ते बघून मगच परीक्षा शुल्काचा आकडा लिहा.

कॉलेजवाल्यांसाठी महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपची (फीमाफीची) रक्कम ही येणं आहे, हातातली रोकड नाही. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठरावीक प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण जिथे मुलींचं प्रमाण मोठं तिथे पहिले काही महिने कॅश कमी आणि येणं जास्त अशी परिस्थिती राहणार. त्यामुळे बजेटच्या सोबत महिन्याचं एक साधं कॅश-फ्लोचं पान करा, बारा रकाने, वर काय येणार खाली काय जाणार. पगार न थांबता कुठला महिना निघतो आणि कुठला निघत नाही ते तिथेच दिसतं. आणि ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात संलग्नीकरण शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो असं म्हटलं होतं, तर कॉलेजच्या बजेटमध्ये तेवढी रक्कम धरून ठेवा, नंतर कुठल्या हेडखाली (खर्चाच्या शीर्षाखाली) टाकू म्हणून शोधत बसायला नको.

ग्रँट: मिळवणं सोपं, मिटवणं अवघड

ग्रँट मिळाली की फोटो, बातमी, सत्कार. तीन वर्षांनी तीच ग्रँट बंद करायची वेळ येते तेव्हा पीआय (प्रोजेक्टचा प्रमुख संशोधक) दुसऱ्या गावाला, फाईल कुठे ते माहीत नाही, आणि पत्र येतं की इतके रुपये व्याजासकट परत करा. म्हणून मंजुरीचं पत्र आलं त्याच दिवशी हे करा.

पत्राची एक झेरॉक्स फाईलीच्या पहिल्या पानाला लावा आणि त्यावर पेनाने हेड अधोरेखित करा. यंत्रसामग्री, मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स, प्रवास, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड, जे काय असेल ते. एका हेडमधून दुसरीकडे पैसे न्यायचे तर ग्रँट देणाऱ्याची परवानगी लागते, आणि यंत्रसामग्रीचे पैसे पगाराकडे वळवणं तर सहसा कोणीच मान्य करत नाही. ‘दोन्ही प्रोजेक्टच्याच कामाला गेले ना’ हे उत्तर ऑडिटरला चालत नाही.

प्रत्येक ग्रँटला स्वतंत्र लेजर. स्वतंत्र खातं लागतं का ते मंजुरीपत्रात बघा, कारण आता बऱ्याच केंद्रीय योजनांत पैसा तुमच्या खात्यात येऊन बसतच नाही, पीएफएमएसवर मर्यादा मिळते आणि बिल टाकलं की तेवढा पैसा सुटतो. पूर्वी एसईआरबी (संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ) होतं ते आता एएनआरएफमध्ये गेलंय, तिथेही असंच झीरो बॅलन्स खातं. पण जिथे पैसा खरंच तुमच्या बचत खात्यात येतो तिथे त्यावरचं व्याज तुमचं नाही हे पक्कं समजा. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ प्रमाणे अनुदानावरचं व्याज भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारजमा करायचं असतं. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून ते व्याज प्रोजेक्टलाच वापरायची पद्धत आहे, त्यांच्याशी वाद घालू नका, नियम दाखवा.

युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे यूसी. फॉर्म १२-ए. नियमात आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिने दिलेत, पण त्यावर विसंबू नका कारण यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तात्पुरती, सीएचं ऑडिट झालं की ऑडिटेड. यूसीतला आकडा, खर्चाच्या विवरणातला आकडा आणि ताळेबंदातला आकडा हे तिन्ही एकच हवेत. ऐकायला बावळटपणाचं वाटेल पण बहुतेक यूसी इथेच परत येतात, कारण पीआय खर्चात दिलेली ऑर्डर धरतो आणि अकाउंट्स फक्त दिलेला चेक धरतं. आधीच ठरवा की पैसे गेले तोच खर्च, ऑर्डर दिली ती फक्त बांधिलकी, ती वेगळ्या ओळीत.

पीएम-उषाचं थोडं वेगळं. उच्च शिक्षणाला पैसे देणारी केंद्राची रूसा योजना २०१३ ला आली, तिच्याच जागी २०२३ ला पीएम-उषा, त्यात विद्यापीठ बळकटीकरणाला २० कोटी, कॉलेजला ५ कोटी, आणि मेरू (बहुशाखीय शिक्षण-संशोधन विद्यापीठ) मिळालं तर १०० कोटी, केंद्र-राज्य वाटा आपल्याकडे ६०:४०. एवढे पैसे दिसले की प्रत्येक जण बिल्डिंग मागतो. माझं मत विचाराल तर नवी बिल्डिंग शेवटी ठेवा. बिल्डिंगसोबत वीजबिल, सफाई, वॉचमन, लिफ्टचं एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) येतं आणि त्यातला एकही रुपया योजनेतून येत नाही, तो कायमचा तुमच्या बजेटवर बसतो. उपकरणांचंही तसंच, पन्नास लाखाचं मशीन घेताना वॉरंटीनंतरचं एएमसी कोण भरणार हे टिप्पणीतच लिहून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी त्यावर कव्हर घालून ठेवायची वेळ येते. अशी कव्हरं बघायची असतील तर कुठल्याही सायन्स कॉलेजात चक्कर मारा.

खरेदी आणि तो मार्च महिना

मार्चमध्ये खरेदी करू नका असं सांगून उपयोग नाही, सगळे करतात. निदान असं करा की जूनमध्येच स्पेसिफिकेशन तयार, सप्टेंबरपर्यंत खरेदी समितीची मान्यता, आणि मार्चला उरेल ते फक्त बिलं. केंद्राच्या पैशाला केंद्राचे खरेदी नियम, राज्याच्या आणि स्वतःच्या पैशाला राज्याचं खरेदी धोरण आणि विद्यापीठाचा अकाउंट कोड (हिशोबाचे नियम), हे आधी ठरवा. कोटेशन कितीपर्यंत, टेंडर कितीपासून या मर्यादा अधूनमधून बदलतात, त्यामुळे क्लार्कच्या आठवणीवर जाऊ नका, त्या वर्षीचा जीआर (शासन निर्णय) फाईलला लावा.

एक मोठी खरेदी तुकडे करून छोटी दाखवायची आयडिया तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल, तीन तारखा, तीन बिलं, एकच दुकानदार. ऑडिटर पहिलं तेच शोधतो. तीन कोटेशनवर एकच टायपिंग आणि एकच स्पेलिंग मिस्टेक असली की त्याला वेगळा पुरावा लागत नाही. वस्तू आली की जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरमध्ये) नोंद, पान नंबर बिलावर, आणि मगच पेमेंट. बिलाच्या मागे ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ अशी सही ज्याने माल वापरायचाय त्याची हवी, शिपायाची नको.

ॲडव्हान्सचं एक. सेमिनारसाठी प्राध्यापकाने उचल घेतली आणि हिशोब दिला नाही तर दुसरी उचल नाही, मग तो कितीही सिनियर असो. हे पहिल्याच वर्षी एकदा पाळलं की पुढे भांडावं लागत नाही.

माणसं

इथे खरा वेळ जातो. प्रत्येक स्टाफ पॉलिसी ही बजेटची ओळ असते, फक्त उशिरा दिसते.

विद्यापीठ अधिनियमाचं कलम ८ वाचा. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवीन पद निर्माण करता येत नाही, पगार-भत्ते वाढवता येत नाहीत, ठरावीक कामासाठी आलेला निधी दुसरीकडे लावता येत नाही. पण त्याच कलमात सूटही आहे, की स्वयंअर्थसहाय्यित (फीवरच चालणाऱ्या) कोर्सची फी, बाहेरच्या एजन्सीचे पैसे, देणग्या यातून ठरावीक मुदतीची पदं करता येतात, शासनावर आज किंवा उद्या कुठलाही बोजा येणार नाही या अटीवर. ही ‘उद्या’ची अट लोक विसरतात.

उदाहरण करून बघू. सातव्या वेतनात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता समजा ५० टक्के धरला तर ८६,५५० झाले. त्यावर एनपीएसचा (पेन्शन योजनेचा) संस्थेचा १४ टक्के वाटा १२,११७. म्हणजे घरभाडं धरायच्या आधीच महिना ९८,६६७, वर्षाला पावणेबारा लाखाच्या वर. पुढे दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ, भत्ता वाढतोच. आता त्या कोर्सला मुलं किती आणि फी किती ते भागून बघा. तीस मुलांच्या कोर्सवर दोन पूर्ण वेळ माणसं पूर्ण पगारावर बसत नाहीत हे गणित आधी कळलं तर माणसाला तीन वर्षांनी काढायची वेळ येत नाही, आणि तो कोर्टात पण जात नाही.

स्वयंअर्थसहाय्यित विभागात ग्रॅच्युइटी धरायला विसरतात. शिक्षकांना ती लागू नाही हा समज जुना झाला, २००९ च्या दुरुस्तीने ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते कायम केलं. दरवर्षी थोडी तरतूद करा, नाहीतर दोन सिनियर एकाच वर्षी रिटायर झाले की त्या विभागाचं बजेट तिथेच झोपतं.

भरती करायची तर आधी बिंदुनामावली. विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरात काढू नका. राज्यात जुनं ५२ टक्के, त्यात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) १० आणि २०२४ पासून एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) १०, त्यामुळे जुन्या तपासणीवर नवी जाहिरात निघत नाही. जाहिरात काढून मग रोस्टर दुरुस्त करणाऱ्यांची पूर्ण भरतीच रद्द होते, आणि तोपर्यंत उमेदवारांची वयं निघून जातात.

तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे मानधन मिळणारे शिक्षक. यांच्यावर आपली अर्धी कॉलेजं चालतात हे मान्य करून बोलू. यूजीसीने २०१९ मध्ये पाहुण्या शिक्षकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं सांगितलं, राज्याचे दर त्याहून कमी आहेत, आणि तेही वेळेवर मिळत नाहीत. दर तुमच्या हातात नाही, वेळ आहे. जूनमध्येच वर्कलोड काढा, सहसंचालक कार्यालयाकडून मान्यता लवकर मागा, महिन्याच्या पाच तारखेला तासांचं विवरण विभागप्रमुखाच्या सहीने अकाउंट्सला गेलंच पाहिजे असा नियम करा. शासनाचा पैसा उशिरा येणार असेल आणि संस्थेच्या निधीतून आगाऊ देता येत असेल तर विकास समितीत ठराव करून द्या, आणि आल्यावर परत फिरवा, दोन्ही नोंदी दिसल्या पाहिजेत. आठ-आठ महिने मानधन न मिळालेला माणूस सकाळी इथे आणि दुपारी क्लासमध्ये शिकवतो, त्याला दोष देऊ नका.

आउटसोर्स कर्मचाऱ्यांचं बिल पास करताना मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयसीचं चलन नावांच्या यादीसकट जोडलेलं असेल तरच पास करा. ठेकेदार पळाला तर मूळ मालक म्हणून तुम्हालाच धरतात.

कॅसच्या (शिक्षकांच्या प्रमोशनच्या योजनेच्या) फाईली साठवू नका. प्रमोशन देय तारखेपासून मिळतं, म्हणून चार वर्षं फाईल ठेवली तर चार वर्षांचा फरक एकदम अंगावर येतो, माणूस नाराज होतो ते वेगळंच. वर्षातून दोनदा शिबिर लावल्यासारखं लावा आणि संपवा.

अंतर्गत तक्रार समिती हा पैशाचा विषय नाही असं वाटतं पण पॉलिसीचा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, एक बाहेरची सदस्य व्यक्ती, चौकशी ९० दिवसांत. समितीच नसेल तर ५०,००० रुपये दंड आहे. बाहेरच्या सदस्याचं मानधन आणि प्रवासखर्च बजेटमध्ये टाका, नाहीतर बैठका लागतच नाहीत.

घाईचे निर्णय आणि ऑडिट

कुलगुरूंना विद्यापीठ अधिनियमाच्या कलम १२(७) खाली तातडीचा अधिकार आहे, पण तो वापरला की कारणं लिहून त्या प्राधिकरणापुढे ठेवावी लागतात. प्रत्येक फाईलवर १२(७) लिहिणारं ऑफिस म्हणजे बैठका न लावणारं ऑफिस. ‘कार्योत्तर मान्यता’ हा शब्द महिन्यातून कितीदा येतो ते मोजत जा.

ऑडिटचा पॅरा आला तर भावनिक उत्तर देऊ नका. अनुपालन अहवालात तीनच गोष्टी असाव्यात, नेमकं काय झालं, कुठल्या मंजुरीने झालं (ठराव क्रमांक, तारीख, झेरॉक्स), आणि वसुली किंवा दुरुस्ती केली असेल तर तिचं चलन. मंजुरी नसेल तर नाही म्हणा, मागच्या तारखेचा कागद तयार करू नका, कारण जावक नोंदवहीत त्या तारखेला जागा नसते आणि कोणीतरी माहिती अधिकारात नेमकी तीच नोंदवही मागतो. जुने पॅरे दर तीन महिन्यांनी एकदा तरी घेऊन बसा. त्यातले बरेचसे फक्त एखादा कागद न जोडल्यामुळे उघडे असतात, आणि तो कागद मिळण्याची शक्यता त्या काळातला क्लार्क अजून नोकरीत आहे तोपर्यंतच असते.